एक उत्तर, चार शंका

सॉलिडिटी ही इथेरियम या ब्लॉकचेनवरची स्मार्ट कॉन्ट्रॅक्टं, म्हणजे आपोआप चालणारे करार, लिहिण्याची भाषा. त्या भाषेत ‘अ‍ॅग्रिगेटर व्ही थ्री इंटरफेस’ नावाची एक छोटी फाइल आहे, रिकाम्या ओळी धरूनही तीसेक ओळींत संपणारी. ब्लॉकचेनबाहेरची माहिती कॉन्ट्रॅक्टांपर्यंत पोहोचवणाऱ्या चेनलिंक या ओरॅकल-जाळ्याने ती २०२० च्या सुमारास पुढे आणली. तेव्हापासून कर्ज देणारी, तारण विकणारी, भरपाई मोजणारी असंख्य कॉन्ट्रॅक्टं बाहेरच्या जगाचा भाव तिच्यामार्फत वाचत आली आहेत. ओरॅकल या विषयावर प्रबंध पुष्कळ आहेत. चेनलिंकचीच २०१७ ची श्वेतपत्रिका आहे, स्टीव्ह एलिस, आरी ज्युएल्स आणि सर्गेई नाझारोव यांनी लिहिलेली, आणि ती आजही वाचावी अशी आहे. तरी रसग्रहणाला मी ही फाइल घेतो. श्वेतपत्रिकेत लेखकांना आपली बाजू मांडायला भरपूर पानं मिळतात. इथे फक्त पाच फंक्शनांची नावं आहेत, आणि प्रत्येकाने काय घ्यायचं व काय परत द्यायचं ते. इंटरफेसला देह नसतो, तो नुसता शब्द देतो. मग तो शब्द किती जपून दिलाय, हे बघण्यातच वाचनाची गंमत.

आधी प्रसंग समजून घ्यायला हवा. इथेरियमवरचा प्रत्येक व्यवहार हजारो संगणक आपापल्या जागी पुन्हा चालवून बघतात, आणि सगळ्यांचा निकाल तंतोतंत एकच यावा लागतो. कॉन्ट्रॅक्टमध्येच ‘अमक्या संकेतस्थळावर जाऊन भाव आण’ असं लिहिलं, तर एका संगणकाला एक भाव मिळेल, दोन सेकंदांनी विचारणाऱ्याला दुसरा, आणि वर्षभराने जुना व्यवहार पडताळणाऱ्याला कदाचित ते संकेतस्थळच सापडणार नाही. म्हणून कॉन्ट्रॅक्टला बाहेर पडायची मुभाच ठेवलेली नाही. धंद्याचे करार मात्र बाहेरच्याच गोष्टींवर उभे असतात. अ‍ॅक्सा या फ्रेंच विमा कंपनीने २०१७ मध्ये इथेरियमवर ‘फिझी’ नावाची पॉलिसी आणली होती: विमान दोन तास किंवा त्याहून जास्त लेट झालं की दावा न करता भरपाई. २०१९ मध्ये ती बंद झाली, पण तिच्यात दुखणं नेमकं दिसतं. कॉन्ट्रॅक्टला विमान दिसत नाही, धावपट्टी दिसत नाही. उड्डाणांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका माहितीसाठ्याने जे सांगितलं, तेच त्याच्यासाठी घडलेलं असतं.

आता फाइल उघडू. पाचांपैकी तीन फंक्शनं किरकोळ आहेत, त्यांवरून चटकन पुढे जाता येतं. ‘डेसिमल्स’ सांगतं की दशांशचिन्ह कुठे समजायचं. सॉलिडिटीत अपूर्णांक नाहीत, त्यामुळे डॉलरमधला दोन हजारांचा भाव येतो तो दोनवर अकरा शून्यं घेऊन, आणि शेवटचे आठ अंक दशांशाचे मानायचे असतात. ‘डिस्क्रिप्शन’ फीडचं, म्हणजे सतत नोंदल्या जाणाऱ्या एका भावाच्या प्रवाहाचं, नाव सांगतं, ‘व्हर्जन’ आवृत्ती. भावाची प्रत्येक नवी नोंद म्हणजे एक फेरी. उरलेल्या दोघांपैकी एक जुनी फेरी मागणारं आणि एक ताजी फेरी देणारं. सगळा जीव त्या शेवटच्यात आहे. त्याचं नाव ‘लेटेस्ट राउंड डेटा’.

त्याच्यापुढे ‘व्ह्यू’ असा एक शब्द लिहिलेला असतो. सवयीचा वाचक त्यावरून सरळ पुढे जातो, मला तिथे थांबावंसं वाटतं. व्ह्यू म्हणजे हे फंक्शन साखळीवर काहीही बदलणार नाही, फक्त बघेल. हाक मारल्यासारखं दिसतं खरं, पण कोणालाच हाक जात नाही. बाहेरच्या नोडांनी, म्हणजे भाव आणून देणाऱ्या ओरॅकलच्या संगणकांनी, आधीच येऊन जे लिहून ठेवलंय तेवढंच वाचलं जातं. व्यवसाय-प्रक्रियांच्या अभ्यासकांनी २०२० मध्ये ओरॅकलचे चार मूळ आकृतिबंध मांडले: माहिती आत येते की बाहेर जाते, आणि प्रत्येकात ती कुणी ओढून घेतो की कुणी ढकलतो. त्या मांडणीत आपली ही फाइल आत ढकलणाऱ्यांची, पण बोलण्याची ढब ओढून घेणाऱ्यांची. कॉन्ट्रॅक्ट लिहिणाऱ्याला वाटतं आपण विचारलं आणि ओरॅकलने सांगितलं. प्रत्यक्षात ओरॅकल केव्हाच बोलून गेलेलं असतं, किती वेळापूर्वी तेवढं तपासायचं उरतं.

आणि म्हणूनच परत येणाऱ्या गोष्टी पाच आहेत: ‘राउंड आयडी’, ‘आन्सर’, ‘स्टार्टेड अ‍ॅट’, ‘अपडेटेड अ‍ॅट’, ‘आन्सर्ड इन राउंड’. म्हणजे फेरीचा क्रमांक, उत्तर, फेरी कधी सुरू झाली, उत्तर कधी नोंदलं, आणि हे उत्तर मुळात कोणत्या फेरीतलं. एक उत्तर आणि त्याच्याभोवती चार शंका. याच्या आधी चेनलिंकमध्ये ‘लेटेस्ट आन्सर’ नावाचं फंक्शन वापरात होतं. ते फक्त आकडा द्यायचं. पुढे ते वापरू नका असं सांगण्यात आलं आणि त्याच्या जागी हा पाच जणांचा घोळका आला. वर्तमानपत्रात लासलगावच्या कांद्याचा भाव येतो तेव्हा तोही एकटा येत नाही. आवक किती, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर, हे सगळं एका ओळीत असतं, आणि जाणता शेतकरी आधी आवक बघतो. एकट्या आकड्याकडून पाच नोंदींकडे येताना या फाइलने तेच शहाणपण कमावलं. कुठली नोंद तरीही राहून गेली, ते पुढे येईलच.

‘आन्सर’चा प्रकार बघा. तो चिन्हासहित पूर्णांक आहे, म्हणजे उत्तर ऋण असू शकतं. भावासाठी धन संख्येचा प्रकार निवडणं कुणालाही साहजिक वाटलं असतं. किंमत उणे कशी असेल? याचा जबाब २० एप्रिल २०२० च्या रात्री मिळाला, आणि तो मुंबईपर्यंत पोहोचला. करोनामुळे तेलाला गिऱ्हाईक नव्हतं, साठवायला जागा नव्हती. न्यूयॉर्कच्या नायमेक्सवर मे महिन्याचा कच्च्या तेलाचा सौदा पिंपामागे उणे ३७.६३ डॉलरवर ठरला. मुंबईच्या एमसीएक्स या वायदेबाजारात त्याच सुमारास मुदत संपणाऱ्या सौद्याचा अखेरचा हिशेब करारानुसार नायमेक्सच्या भावाने व्हायचा होता. लॉकडाउनमुळे एमसीएक्स तेव्हा संध्याकाळी पाचलाच बंद होत असे. पाच वाजता पडद्यावर भाव होता नऊशे-हजार रुपयांच्या घरात. न्यूयॉर्कची घसरगुंडी झाली आपल्या रात्री, आणि अंतिम हिशेब निघाला पिंपामागे उणे २,८८४ रुपयांनी. ज्यांच्याकडे खरेदीचे सौदे उभे होते त्यांचे पैसे तर गेलेच, वर आणखी द्यावे लागले. दलाल मुंबई उच्च न्यायालयात गेले. या प्रकरणात ब्लॉकचेनचा संबंध नाही, पण ओरॅकलचा पुरेपूर आहे. एका बाजारातला करार दुसऱ्या बाजारातल्या आकड्यावर बांधलेला, हा बंद असताना तो चालू, आणि आकडा अशा चिन्हासह आला ज्याची इथे कुणी कल्पनाच केली नव्हती. त्या रात्रीनंतर ‘आन्सर’च्या चिन्हाला कोण हसेल?

हसत नाहीत, पण पुसतात. पुष्कळ कॉन्ट्रॅक्टं आलेलं उत्तर लगेच धन प्रकारात बदलून घेतात, कारण पुढची आकडेमोड सोयीची होते. अशा बदलात उणे एकचं काय होतं, तर त्या प्रकारात मावणारी सगळ्यात मोठी संख्या, अठ्ठ्याहत्तर अंकी. एक ओळ आधी ‘उत्तर शून्याहून मोठं आहे ना’ असं विचारलं की काम भागतं. ती ओळ नसणं हा ऑडिटरांच्या अहवालातला नेहमीचा शेरा.

शून्याचा विषय निघालाच आहे तर फाइलच्या जुन्या प्रतीतली एक टीप सांगायला हवी. कोडमधल्या टिपा यंत्रासाठी नसतात, त्या पुढच्या माणसासाठी लिहिलेल्या असतात. ही टीप थोडक्यात अशी: सांगण्यासारखी माहिती नसेल तर या फंक्शनांनी ‘माहिती नाही’ म्हणून व्यवहार मोडावा, रिकाम्या जागा तशाच परत देऊ नयेत, कारण वाचणारा त्यांना खरंखुरं उत्तर समजेल. सॉलिडिटीत जिथे काहीच लिहिलेलं नाही तिथे वाचलं तर शून्य मिळतं. म्हणजे ‘भाव शून्य झाला’ आणि ‘भाव माहीत नाही’ ही दोन वाक्यं यंत्राच्या तोंडी एकसारखीच ऐकू येतात. पहिल्याचा अर्थ तारण मातीमोल झालं, विकून मोकळे व्हा. दुसऱ्याचा अर्थ हात आवरा. टिपेने यंत्राला गप्प बसायला सांगितलं नाही, आरडाओरडा करून काम बंद पाड असं सांगितलं. संपूर्ण फाइलमध्ये लेखकाचा स्वर जर कुठे ऐकू येत असेल तर इथे.

गंमत म्हणजे हेच पाच शब्द पुढे अशा एका कामाला जुंपले गेले जिथे शून्य हीच शुभवार्ता आहे. आर्बिट्रम, ऑप्टिमिझम यांसारख्या दुसऱ्या थरावरच्या साखळ्यांत व्यवहारांचा क्रम लावणारा सीक्वेन्सर असतो. तो चालू आहे की बंद हे सांगणारी फीडसुद्धा याच इंटरफेसमधून बोलते. ‘आन्सर’ शून्य म्हणजे चालू, एक म्हणजे बंद. एरवी दुर्लक्षित राहणारा ‘स्टार्टेड अ‍ॅट’ इथे एकदम मानाच्या पाटावर बसतो. सीक्वेन्सर या स्थितीत कधीपासून आहे ते तो सांगतो, आणि बंद पडून नुकताच चालू झाला असेल तर कॉन्ट्रॅक्टने काही काळ कुणाचं तारण विकू नये, लोकांना आपलं खातं सावरायला वेळ द्यावा, अशी शिफारस असते.

‘राउंड आयडी’ ऐंशी बिटांचा आहे. हा आकार विचित्र वाटतो, आणि प्रत्यक्षात येणारे फेरीचे क्रमांक वीस-एकवीस अंकी असतात. इतक्या फेऱ्या विश्वाच्या आयुष्यात होणार नाहीत. खुलासा असा की ऐंशीपैकी वरचे सोळा बिट पर्वाचे आणि खालचे चौसष्ट त्या पर्वातल्या फेरीचे. फीडमागचं मूळ कॉन्ट्रॅक्ट बदललं की पर्व एकने वाढतं. म्हणजे त्या लांबलचक संख्येच्या पोटात ‘माझ्यामागचा माणूस किती वेळा बदलला’ याची कबुली दडलेली आहे. हे कुणी वाचतं का? फारसं नाही.

खरा गाभा ‘अपडेटेड अ‍ॅट’. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, एवढाच त्याचा अवतार. पण तो वाचायचा कसा, इथे रसिकतेची कसोटी लागते. इथेरियमच्या मुख्य साखळीवर इथर या तिच्या नाण्याची डॉलरमधली फीड भाव अर्ध्या टक्क्याने हलला की नवी नोंद करते. हलला नाही तरी तासाभरात एकदा करते. म्हणजे पन्नास मिनिटं जुनी नोंद दिसली तर तिचे दोन अर्थ होऊ शकतात: बाजार शांत आहे, किंवा नोडांना साखळीवर चढता येत नाहीये. फाइल वेळ सांगते, पण ती वेळ शिळी कधी मानायची हे सांगत नाही. काही फीडचा ठोका तासाचा आहे, काहींचा चोवीस तासांचा, आणि हा ठोका इंटरफेसमध्ये कुठेही नाही. तो माणसाने माहितीपानावर वाचून आपल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये हाताने लिहायचा. जी गोष्ट यंत्राने यंत्राला सांगायला हवी होती ती इथे माणसाच्या स्मरणशक्तीवर सोडलेली आहे. मला हा या संहितेचा सगळ्यात मोठा दोष वाटतो.

त्याची किंमत काय ते दोन प्रसंगांत दिसतं. १२ मार्च २०२० ला इथरचा भाव एका दिवसात चाळीस टक्क्यांहून अधिक कोसळला. साखळीवर गर्दी उसळली, व्यवहाराचं शुल्क भडकलं, आणि मेकरडाओ या कर्ज देणाऱ्या प्रणालीच्या स्वतःच्या ओरॅकलचे भावसुद्धा वेळेवर पोहोचेनात. उशिराचा भाव आला तेव्हा तारणांचे लिलाव धडाधड सुरू झाले. त्या गर्दीत बोली लावणारे जवळजवळ कुणी नव्हते, आणि ऐंशी लाख डॉलरहून अधिक किमतीचं इथर शून्य बोलीवर गेलं. दुसरा प्रसंग मे २०२२ चा. लुना हे नाणं रसातळाला जात असताना चेनलिंकची फीड ०.१०७ डॉलरवर थांबवली गेली. बाजारात तेव्हा ते एका सेंटाच्या आसपास मिळत होतं. बीएनबी साखळीवरचं व्हीनस हे कर्ज देणारं प्रोटोकॉल थांबलेला भाव खरा मानत राहिलं. लोकांनी बाजारात कवडीमोलाने लुना घेतलं, व्हीनसकडे दहापट किमतीने तारण ठेवलं आणि खरं धन उचलून नेलं. नुकसान एक कोटी डॉलरच्या वर गेलं. थांबलेल्या फीडमध्ये वेळही थांबलेली असते. वाचली असती तर ती नोंद बोलली असती.

वाचत का नाहीत, याचं उत्तर विरामचिन्हांत आहे. सॉलिडिटीत पाच गोष्टी परत येत असतील आणि एकच हवी असेल तर बाकीच्यांची जागा रिकामी ठेवून स्वल्पविराम टाकता येतात. त्यामुळे असंख्य कॉन्ट्रॅक्टांमध्ये ही ओळ अशी दिसते: कंस, स्वल्पविराम, ‘प्राइस’, मग तीन स्वल्पविराम, कंस पूर्ण. चार शंकांच्या जागी चार स्वल्पविराम. चेनलिंकच्या स्वतःच्या शिकवणीतल्या नमुन्यातही उत्तर सोडून बाकी नावं टिपेच्या खुणांमध्ये गुंडाळून ठेवलेली असतात. नवशिक्याला सोपं जावं हा हेतू मला कळतो. पण नमुना हाच बहुतेकांचा पहिला पाठ असतो आणि पुष्कळांचा शेवटचाही.

आता ती राहिलेली नोंद. वेळेच्या बाबतीत ही फाइल जितकी सावध, तितकी आवकेच्या बाबतीत मुकी. ११ ऑक्टोबर २०२२ ला सोलाना साखळीवरच्या मँगो मार्केट्समध्ये जे झालं त्यात भाव शिळा नव्हता, खोटाही नव्हता. अव्राहम आयझेनबर्ग या व्यापाऱ्याने मँगोचंच नाणं विरळ बाजारांत भराभर विकत घेऊन त्याचा भाव अर्ध्या तासाच्या आत कितीतरी पट चढवला, आणि त्या फुगलेल्या भावावर सुमारे अकरा कोटी डॉलरचं कर्ज उचललं. तिथल्या ओरॅकलांनी बाजारात चालू होता तोच भाव प्रामाणिकपणे कळवला. नंतर ज्युरीने २०२४ मध्ये त्याला दोषी धरलं आणि २०२५ मध्ये न्यायाधीशांनी तो निकाल रद्द केला. कायद्यालाही नीट ठरवता आलं नाही की इथे खोटं कोण बोललं. मँगोच्या फीड चेनलिंकच्या नव्हत्या, पण आपल्या पाच शब्दांतूनही तो भाव असाच निर्मळ चेहऱ्याने आला असता. किती माल इकडचा तिकडे झाला तेव्हा हा भाव निघाला, हे विचारायला त्यांत जागा नाही.

नोडांमध्ये किती मतभेद होता, हेही नाही. ‘आन्सर’ म्हणजे अनेक नोडांनी सांगितलेल्या भावांमधला मधला भाव, आणि मधला भाव घेतला की टोकाचे एकदोन खोटे आपोआप निष्प्रभ होतात. २०२१ पासून हे नोड साखळीबाहेर आपसांत बोलून एकच सह्यांचा अहवाल पाठवतात. तो चढताना प्रत्येकाने सांगितलेला भाव एका इव्हेंटमध्ये नोंदला जातो. कुणीही माणूस ती नोंद उघडून बघू शकतो, कॉन्ट्रॅक्ट मात्र बघू शकत नाही. इथेरियमवर कॉन्ट्रॅक्टला इव्हेंट वाचण्याची सोयच नाही. ज्याच्या हातात पैसे आहेत त्यालाच ही वही बंद.

पायथ या प्रतिस्पर्धी ओरॅकलची संहिता इथे शेजारी ठेवून वाचावी. तिच्यात भावाबरोबर ‘कॉन्फ’ नावाची नोंद येते: भाव दोन हजार, कमीजास्त एक. मग सावध सावकार तारण मोजताना एक हजार नऊशे नव्व्याण्णव धरतो आणि कर्ज मोजताना दोन हजार एक. शंकेचा आकडाच झाल्यामुळे तिच्यावर आकडेमोड करता येते. पाच शब्दांच्या फाइलपेक्षा ही मांडणी मला या एका बाबतीत सरस वाटते.

चेनलिंकच्या फाइलमध्ये अशा नोंदीसाठी जागा शोधायची तर एक आहे. ‘आन्सर्ड इन राउंड’ आता सेवानिवृत्त आहे. जुन्या पद्धतीत एखादी फेरी अर्धवट राहिली की मागच्या फेरीचं उत्तर पुढे चालवलं जाई, आणि ते उसनं आहे हे हा शब्द सांगे. नव्या पद्धतीत फेरी अर्धवट राहतच नाही, त्यामुळे तो ‘राउंड आयडी’चीच नक्कल करतो. माहितीपानावर ‘हे वापरू नका’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी त्या जागी दुसरं काही बसवता येत नाही. साखळीवर चढलेलं कॉन्ट्रॅक्ट सहसा बदलता येत नाही, आणि त्यांतली कितीतरी, नेमकी जी शंका वाचण्याचे कष्ट घेत होती तीच, आजही प्रत्येक वेळी तपासतात की हा पाचवा आकडा पहिल्याहून लहान तर नाही ना.